पडणे मोजणारी माणसे

माझ्या सासूबाई, आमच्या माई, २०११ च्या पावसाळ्यात न्हाणीत घसरून पडल्या तेव्हा त्यांचे वय ७९ होते. मनगटाचे हाड मोडले. खुबा वाचला म्हणून आम्ही देवापुढे साखर ठेवली. दवाखान्यातून घरी सोडताना मिळालेल्या कागदावर गोळ्यांच्या नावांखाली एक ओळ होती: तोल जातो, चालणे टाळावे, सोबत असल्याशिवाय उठू नये. त्या ओळीवर शंका घेण्याचे कोणालाच काही कारण नव्हते. ती आम्ही मनापासून पाळली, आणि सर्वांत जास्त मी पाळली. पाणी हवे, मी आणते. तुळशीला पाणी, पोरे घालतील. माई म्हणायच्या, "अगं, मला जरा फिरू दे, पाय आखडलेत." मी म्हणायचे, "माई, तुम्ही बसा बरं. पुन्हा पडलात तर?" या 'पुन्हा पडलात तर'पुढे त्या गप्प होत. मनगट दीडेक महिन्यात जुळले. दिवाळीपर्यंत त्यांना हाताच्या टेक्याशिवाय खुर्चीतून उठता येईना. संक्रांतीपर्यंत खाटेवरून उठता येईना. त्यानंतर अडीच वर्षे त्या आमच्यात होत्या, पण त्यांचे जग खाटेपासून खिडकीपर्यंतचे होते.

मी डॉक्टर नाही, फिजिओथेरपिस्ट नाही. मुद्रितशोधन हा माझा तीस वर्षांचा व्यवसाय. २०१६ साली परिचारिकांसाठीच्या एका हस्तपुस्तकाची मुद्रिते माझ्याकडे तपासायला आली. त्यात वृद्धांच्या पडण्यावर एक प्रकरण होते आणि त्यात आमच्या कागदावरच्या ओळीच्या नेमके उलट लिहिलेले होते. तोल जातो, म्हणून तोलाचा सराव द्यावा. उभे राहण्याचा, वळण्याचा, एका पायावर थांबण्याचा. बसवून ठेवू नये. मी ऱ्हस्वदीर्घ तपासायचे सोडून ते पान चारदा वाचले. माझा प्रश्न वैद्यकाचा नव्हता, तारखेचा होता. हे जगाला कधीपासून ठाऊक होते? माई पडल्या त्याच्या आधीपासून की नंतर? त्या प्रश्नामागे मी नऊ वर्षे आहे. हाती लागले ते इथे मांडते.

*

तोलाचा इतिहास बर्लिनपासून सुरू करण्याची रीत आहे आणि ती बरोबर आहे. मॉरिट्झ रोमबर्ग या डॉक्टरांचा मज्जारोगांवरचा ग्रंथ १८४० ते १८४६ या काळात भागाभागांनी निघाला. त्यात त्यांनी उपदंशाच्या उशिराच्या अवस्थेत पाठीच्या कण्यातले मज्जातंतू झिजलेल्या रुग्णांचे वर्णन केले. या रुग्णांना पायाखाली लोकर अंथरल्यासारखे वाटे. डोळे उघडे ठेवून ते उभे राहू शकत. डोळे मिटले की डोलू लागत आणि धरले नाही तर पडत. बऱ्याच जणांना आपल्या दुखण्याचा पहिला पत्ता सकाळी तोंड धुताना लागे. तोंडावर पाणी मारायला डोळे मिटले की माणूस समोरच्या भांड्यावर झुके. रोमबर्गची ही चाचणी आजही जगभर करतात: पाय जुळवून उभे करायचे आणि डोळे मिटायला सांगायचे.

या साध्या चाचणीतून पुढच्यांना जे उमगत गेले ते असे. उभे राहणे ही आपोआप होणारी गोष्ट नाही. तिला तीन खबरे लागतात. डोळे, कानाच्या आतल्या भागातल्या पोकळ्या आणि अर्धवर्तुळाकार नलिका, आणि तळपाय, घोटे, गुडघे यांतून येणारी दाब-ताणाची बातमी. तिघांच्या बातम्या मेंदूत जुळवल्या जातात आणि घोट्याच्या, मांडीच्या, कमरेच्या स्नायूंना सतत बारीक हुकूम सुटत राहतात. एक खबरा गेला तर उरलेले दोघे सांभाळून घेतात, म्हणून अंधार होईपर्यंत किंवा डोळे मिटेपर्यंत आपल्याला कळतच नाही. म्हातारपणी तिन्ही थोडे थोडे मंदावतात आणि हुकूम पाळणारे स्नायूही ढिले पडतात. शिवाय हे सारे न वापरता ठेवले तर फार लवकर गंजते. माईंच्या बाबतीत दिवाळी ते संक्रांत इतके लवकर.

पण रोमबर्ग यांनी रोग ओळखायची रीत दिली, उपाय दिला नाही. तो आला पन्नासेक वर्षांनी, स्वित्झर्लंडमधल्या कॉन्स्टन्स सरोवराच्या वर वसलेल्या हायडेन नावाच्या हवापालटाच्या गावातून. (रेडक्रॉसची कल्पना मांडणारे हेन्री ड्युनंट विपन्नावस्थेत याच गावात राहत होते.) तिथले डॉक्टर हाइनरिख फ्रेंकेल यांची एक हकिकत फिजिओथेरपीच्या वर्गांत अजून सांगितली जाते. रोमबर्ग यांनी वर्णन केलेल्याच दुखण्याचा एक रुग्ण त्यांनी तपासला. डोळे मिटून बोट नाकाला लावायला सांगितले. ते जमले नाही. याचा अर्थ काय, असे रुग्णाने विचारले आणि फ्रेंकेल यांनी तो सांगितला. काही महिन्यांनी तोच रुग्ण परत आला तेव्हा बोट बरोबर नाकावर गेले. रोग बरा झाला होता का? नाही. रुग्णाला परीक्षेत नापास झाल्याची लाज वाटली होती आणि तो घरी रोज सराव करत होता, एवढेच.

मला ही हकिकत फार आवडते, कारण शोध लावला तो रुग्णाने. फ्रेंकेल यांचे मोठेपण ते नीट पाहण्यात आहे. तंतू झिजले तरी उरलेल्या तंतूंना नव्याने शिकवता येते, हे त्यांनी १८९० मध्ये मांडले. जमिनीवर रंगाने पावलांच्या खुणा काढून रुग्णांना त्यांवर पाऊल ठेवायला लावणे, मोजून वळणे, मोजून बसणे-उठणे अशी त्यांची पद्धत होती. ताकद वाढवणे हा तिचा हेतूच नव्हता. लक्ष देऊन पुन्हा पुन्हा करणे हा होता. १९०२ मध्ये त्यांच्या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर निघाले. पुढे पेनिसिलिन आले, उपदंशाची ती अवस्था दुर्मीळ झाली आणि फ्रेंकेल यांचे व्यायाम पाठ्यपुस्तकातल्या एका मथळ्यापुरते उरले. तोल शिकवता येतो हे तेव्हाच सिद्ध झाले होते. फक्त म्हाताऱ्या माणसाला तो शिकवावा, असे कोणाच्या मनात आले नाही. म्हातारे पडतातच, अशीच समजूत होती.

*

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लंडनमध्ये हीच गोष्ट पुन्हा वेगळ्या वाटेने सापडली. डोक्याला मार लागलेले किंवा कानाची शस्त्रक्रिया झालेले रुग्ण महिनोन्‌महिने चक्कर येते म्हणून पडून राहत. कानाचे शल्यविशारद टेरेन्स कॉथॉर्न आणि त्यांचे सहकारी डॉ. कूक्सी यांच्या लक्षात आले की जे लवकर हालचाल करू लागतात त्यांची चक्कर लवकर जाते. मग त्यांनी व्यायामांची एक चढण बांधली. आधी अंथरुणात नुसते डोळे आणि मान हलवणे, मग बसून, मग उभे राहून, मग चेंडू या हातातून त्या हातात उडवणे, खोलीभर चालणे, आधी डोळे उघडे ठेवून आणि नंतर मिटून. ज्या हालचालीने गरगरते तीच मुद्दाम, झेपेल इतकी करायची, हा त्यातला गाभा. १९४६ मध्ये त्यांनी हे छापले.

त्याच दशकात तिथे वृद्धांच्या वॉर्डांची दारेही उघडत होती. लंडनच्या पश्चिमेला वेस्ट मिडलसेक्स इस्पितळाने १९३५ मध्ये शेजारचे गरिबांचे जुने रुग्णालय आपल्यात घेतले आणि तिथल्या ७१४ खाटा मार्जरी वॉरन या डॉक्टर बाईंकडे आल्या. 'असाध्य' अशी चिठ्ठी लागून वर्षानुवर्षे पडून असलेल्या माणसांना त्यांनी तपासायला, उठवायला, चालवायला सुरुवात केली. त्यांतले बरेच जण घरी गेले. आणि १९४७ मध्ये रिचर्ड ॲशर या डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अंथरुणात पडून राहण्याच्या धोक्यांवर एक लेख लिहिला, जो आजही वाचताना हसू येते आणि अंगावर काटाही येतो. रक्त गोठते, हाडे विरतात, कातडी फाटते, मन खचते, असे तो अवयववार सांगतो. मी तो लेख वाचला तेव्हा मला राहून राहून वाटत होते की हा १९४७ चा आहे. माईंचे लग्न व्हायच्या आधीचा.

मात्र माझ्या प्रश्नाचे उत्तर यांच्यापैकी कोणाकडे नव्हते. पडून राहणे वाईट, हे एक. पडण्यापासून वाचवायचे कसे, हे निराळे. त्यासाठी आधी कोणीतरी पडणे ही गोष्ट मोजण्याजोगी मानायला हवी होती.

तो माणूस म्हणजे वुल्व्हरहॅम्प्टनचे डॉ. जोसेफ शेल्डन. वुल्व्हरहॅम्प्टन हे इंग्लंडच्या मध्यभागातले कारखान्यांचे, काजळीचे गाव. इस्पितळात येणारे म्हातारे म्हणजे सगळे म्हातारे नव्हेत, हे शेल्डन यांना जाणवत होते. घराघरांत राहणाऱ्या, डॉक्टरकडे न येणाऱ्या म्हाताऱ्यांचे काय? युद्ध नुकतेच संपले होते आणि सगळा देश रेशनवर होता, त्यामुळे रेशनकार्डांच्या नोंदवहीत प्रत्येक माणूस होता. शेल्डन यांनी त्या वहीतून ठरावीक अंतराने नावे निवडली आणि पावणेपाचशेच्या आसपास वृद्धांची त्यांच्या घरी जाऊन चौकशी केली. १९४८ मध्ये त्याचे पुस्तक झाले. त्यात चक्कर आहे, जिन्याची भीती आहे, अंधारात तोल जाणे आहे, आणि पडणे आहे. हे इतक्या घरांत आहे हे त्याआधी कोणी लिहिलेलेच नव्हते, कारण पडून काही मोडले नाही तर म्हातारी माणसे ते कोणाला सांगत नाहीत. आपल्याकडेही नाहीत. माईंच्या खाटेखालच्या पेटीत मला नंतर आयोडेक्सच्या तीन रिकाम्या बाटल्या सापडल्या.

१९६० मध्ये शेल्डन यांनी फक्त पडण्यावर एक लेख लिहिला. २०२ माणसे आणि त्यांची ५०० पडणी. मथळा असा होता की एखाद्या वनस्पतीचा किंवा पाखराचा अभ्यास असावा: म्हातारपणातल्या पडण्याचा निसर्गेतिहास. प्रत्येक पडणे कसे झाले याची त्यांनी वर्गवारी केली. साधारण तिसरा हिस्सा अडखळणे-घसरणे अशा अपघातांचा. जवळपास चौथा हिस्सा असा की माणूस शुद्धीवर असताना पायांतले बळ एकाएकी जाऊन खाली बसतो. बाकीच्यांत चक्कर, मान वर करणे, आणि नुसता गेलेला तोल. जिन्यावरच्या पडण्यांत शेवटची पायरी आली असे समजून पाऊल टाकणारे पुष्कळ. हे वाचताना मला आमच्या जुन्या वाड्याचा जिना दिसत होता.

पण शेल्डन यांचे मला सर्वांत मोलाचे वाटणारे काम फारसे कोणी वाचत नाही. १९६३ चे. स्थिर उभे राहिले असता माणूस किती झुलतो हे त्यांनी सहा वर्षांच्या मुलांपासून ऐंशीच्या पुढच्यांपर्यंत मोजले. लहान मुले पुष्कळ झुलतात, तरुणपणी झुलणे आवरते, उतारवयात पुन्हा वाढते. म्हणजे तोल हा जन्मजात ऐवज नव्हे. तो मूल शिकते, तरुण सांभाळतो आणि म्हातारा गमावत जातो. जे शिकावे लागले ते पुन्हा शिकता येईल का? फ्रेंकेल यांचा रुग्ण हो म्हणाला होता. पण या दोन गोष्टी जुळायला आणखी तीस वर्षे लागली.

*

या तीस वर्षांत भीतीचा शोध लागला. १९८२ मध्ये बर्मिंगहॅमचे बर्नार्ड आयझॅक्स आणि त्यांचे सहकारी मर्फी यांनी पडल्यामुळे इस्पितळात आलेल्या ३६ वृद्धांना पाहिले. त्यांतले २६ जण नंतर आधार सोडून चालूच शकेनात. दिसेल ते घट्ट पकडत, मुठी आवळत. हाड जुळले तरी हात सुटत नव्हता. याला त्यांनी वेगळे नाव दिले आणि वेगळे दुखणे मानले. मी ते वाचून पुस्तक मिटले. माई शेवटी शेवटी खाटेवरून उठताना माझा दंड असा धरत की वळ उठत. मला वाटायचे, अशक्तपणा.

अमेरिकेत न्यू हेवनला मेरी टिनेटी यांनी १९८८ मध्ये ७५ च्या पुढच्या ३३६ माणसांचा वर्षभर पाठपुरावा केला. त्यांतली ३२ टक्के माणसे वर्षात निदान एकदा पडली. साहसाचे, धोक्याचे काम करताना पडलेली जेमतेम पाच टक्के. बाकी सारी रोजच्या उठण्या-बसण्यातली. झोपेच्या गोळ्या, पायांतला अशक्तपणा, तोलाची उणीव अशी कारणे एकावर एक चढत. एकही कारण नसलेल्यांत पडण्याचा संभव आठ टक्के, चार किंवा अधिक असलेल्यांत अठ्ठ्याहत्तर. पडणे नशिबात नसते, त्याचा हिशेब मांडता येतो. आणि हिशेब मांडता आला की वजाबाकीही करता येते.

पहिली ठळक वजाबाकी अटलांटात झाली. स्टीव्हन वुल्फ आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये सत्तरीच्या २०० माणसांचे गट केले आणि एका गटाला पंधरा आठवडे चिनी ताई ची शिकवले. १०८ हालचालींतल्या निवडक दहाच. वजन एका पायावरून दुसऱ्यावर सावकाश नेणे, धड वळवणे, पायांतले अंतर हळूहळू कमी करणे. या गटातला पुन्हा पुन्हा पडण्याचा धोका ४७.५ टक्क्यांनी घटला.

दुसरी ड्युनेडिनमध्ये झाली. मला माझी तारीख तिथे सापडली.

ड्युनेडिन हे न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरचे, जगाच्या टोकाचे म्हणावे असे गाव. ओटागो विद्यापीठ तिथलेच. त्या देशात १९७४ पासून एक विलक्षण व्यवस्था आहे: अपघात कोणाचाही असो, चूक कोणाची हे न विचारता उपचाराचा खर्च सरकारी महामंडळ करते. म्हातारी न्हाणीत पडली तरी तो अपघातच. म्हणजे पडण्याचे बिल सरकारच्या टेबलावर येते. मला वाटते, तोलाचे व्यायाम त्या देशात इतके पुढे जाण्यामागे हे मोठे कारण आहे; पुढे या व्यायामांची पुस्तिका त्या महामंडळानेच छापली. आपल्याकडे ते बिल कुटुंबाच्या आणि बहुतेकदा सुनेच्या वाट्याला येते, आणि ते कोणी मोजत नाही.

जॉन कॅम्पबेल, क्लेअर रॉबर्टसन, मेलिंडा गार्डनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऐंशी आणि त्यापुढच्या २३३ बायका निवडल्या. सगळ्या आपापल्या घरी राहणाऱ्या. निम्म्यांकडे फिजिओथेरपिस्ट पहिल्या दोन महिन्यांत चार वेळा घरी गेली आणि व्यायाम शिकवून आली. घोट्याला वजनाचे पट्टे बांधून बसल्या जागी पाय सरळ करणे. स्वयंपाकघरातला ओटा धरून टाचा उचलणे, चवडे उचलणे, गुडघे जरा वाकवणे. मग तोलाचे: एका पावलापुढे दुसरे पाऊल टाच-चवडा लावून उभे राहणे, तसेच चालणे, मागे चालणे, आडवे चालणे, आठाच्या आकड्यात वळणे, एका पायावर थांबणे, हाताचा टेका न घेता खुर्चीतून उठणे. आधी ओटा धरून, जमले की धरणे सोडून. सुटले की आणखी अवघड. आठवड्यातून तीनदा अर्धा तास, आणि मध्ये जमेल तसे चालणे. उरलेल्या निम्म्यांकडेही कोणीतरी गेले, पण फक्त बोलत बसायला, म्हणजे नुसत्या भेटीचा परिणाम वेगळा काढता यावा. प्रत्येकीला टपाल-हशील भरलेली पोस्टकार्डे दिली होती. दिवसांच्या चौकटी छापलेल्या. पडले की खूण करायची आणि महिन्याला एक कार्ड पेटीत टाकायचे.

वर्षअखेर कार्डे मोजली. नुसत्या गप्पा झालेल्या गटात १५२ पडणी. व्यायामाच्या गटात ८८.

हे छापून आले १९९७ साली. माई तेव्हा ६५ वर्षांच्या होत्या आणि पाठीवर नातू घेऊन जिना चढत होत्या. त्या पडायला अजून चौदा वर्षे होती.

मला वाटले, शोध संपला. पण पुराव्याची सवय लागली की थांबता येत नाही, आणि त्याच १९९७ मध्ये छापलेला आणखी एक ब्रिटिश प्रयोग मला नंतर भेटला. हाताचे हाड मोडलेल्या १६५ मध्यमवयीन-वयस्क बायका. निम्म्यांना झपझप चालायला सांगितले, निम्म्यांना फक्त हातांचे व्यायाम. हेतू हाडे बळकट करण्याचा होता. चालणाऱ्यांत पडण्याचे प्रमाण कमी होण्याऐवजी जास्त निघाले. यावर माझा विश्वास बसेना. आमच्या गल्लीत पहाटे सहाला पांढरे बूट घालून निघणाऱ्या आजोबांचा तांडा असतो आणि ते सगळे स्वतःला सुरक्षित समजतात. पण विचार केला की पटते. चालण्याने दम वाढतो, मन प्रसन्न होते, साखर आटोक्यात राहते. सपाट रस्त्यावर सरळ रेषेत चालताना तोलाची परीक्षा मात्र फारशी होत नाही, आणि ज्याचा तोल आधीच कच्चा आहे तो झपझप चालला तर पडायच्या संधी वाढतात.

सिडनीच्या कॅथरीन शेरिंग्टन यांनी २००८ मध्ये जगभरचे असे ४४ प्रयोग एकत्र करून पाहिले तेव्हा हेच दिसले. फायदा होतो तो तोलाला खरोखर आव्हान देणाऱ्या व्यायामांचा, म्हणजे पायांखालची जागा लहान करणारे, हातांचा आधार काढून घेणारे, शरीराचे वजन इकडून तिकडे नेणारे. आणि तो पुरेसा काळ केला तर. २०१९ पर्यंत असे १०८ प्रयोग जमले, तेवीस हजारांवर माणसे, आणि निष्कर्ष असा की व्यायामाने पडण्याचे प्रमाण साधारण २३ टक्क्यांनी घटते. तेवीस म्हणजे शंभर नव्हे. व्यायाम करणारेही पडतात. ज्यांना पक्षाघात झाला आहे, ज्यांना उभे राहताच अंधारी येते, त्यांनी लेख वाचून ओट्याशी उभे राहू नये. जाणकाराला घरी बोलवावे. आणि कोणीही सुरुवात करताना पुढे ओटा, मागे खुर्ची असावी.

*

या विषयावर कुठे बोलायला गेले की कोणीतरी उठून म्हणते, हे सगळे आपल्याकडे आधीपासून होतेच. वृक्षासन काय, मांडी घालून जेवायला बसणे काय. मी त्या उत्साहात सामील होत नाही, पण पूर्ण नाकारतही नाही. जमिनीवर बसणे-उठणे हा पायांचा रोजचा व्यायाम खराच. आम्ही माईंना जेवायला टेबल दिले तेव्हा तोही काढून घेतला. परंतु आपल्या व्यायामाचा लिखित इतिहास पाहिला तर तो तालमीचा, मल्लखांबाचा, दंड-बैठकांचा, तरुण पुरुषांचा इतिहास आहे. ऐंशीच्या बाईची न्हाणी त्यात मला सापडली नाही.

त्यातल्या त्यात एक धागा पुण्याचा आहे. बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यात आले आणि तिथलेच झाले. १९७५ मध्ये त्यांची संस्था उभी राहिली. आसनांसाठी भिंत, खुर्ची, दोर, पट्टा, लाकडी ठोकळे वापरण्याची पद्धत त्यांनी घडवली, आणि त्यामुळे आजारी नि वयस्क शरीरालाही आसनात उभे राहता येऊ लागले. आधी भिंतीला टेकून, मग बोटे टेकवून, मग सोडून. ड्युनेडिनच्या ओट्याशी याचे किती साम्य आहे ते सांगायला नको, आणि दोघांनी एकमेकांकडून काही घेतल्याचा माग मला कुठे लागलेला नाही. २०१३ मध्ये सिडनीत ॲन टीडेमन आणि सहकाऱ्यांनी ५४ वयस्कांवर बारा आठवडे अय्यंगार पद्धतीच्या योगाचा छोटा प्रयोग केला. त्यांचा तोल आणि चालणे-उठणे सुधारले. पडणी कमी होतात का, हे ठरवायला तो प्रयोग लहान होता. अभिमान बाळगायचा तर एवढ्यावर बाळगावा, अधिक नको.

आता त्या कागदाकडे येते. २०११ मध्ये ती ओळ लिहिणाऱ्या डॉक्टरांना ड्युनेडिनची पोस्टकार्डे ठाऊक होती की नव्हती, हा प्रश्न मला सुरुवातीला फार छळत असे. आता तितका छळत नाही. समजा, ठाऊक होती. तरी घरी चार वेळा येऊन माईंना ओट्याशी उभे करणारे कोण होते? आमच्या गावात तेव्हा फिजिओथेरपिस्ट होते, ते पक्षाघाताचे आणि मणक्याचे रुग्ण पाहत. पडलेली पण काही न मोडलेली म्हातारी कोणाच्याच यादीत नव्हती. न्यूझीलंडने पुढे तेच काम फिजिओथेरपिस्टऐवजी प्रशिक्षण दिलेल्या परिचारिकांकडून करवून पाहिले, पंचाहत्तरीपुढच्या २४० माणसांत. पडणी ४६ टक्क्यांनी घटली. म्हणजे त्याला फार मोठी विद्या लागत नाही. एखादी आशाताई, एखादी शिकलेली सूनही चालली असती, तिला कोणी दाखवले असते तर.

मी ५६ वर्षांची आहे. सकाळी चहाचे आधण ठेवले की ओट्याला एक बोट लावून डाव्या पायावर उभी राहते, मग उजव्या. उजव्यावर मला अजून वीस मोजता येत नाहीत. शेजारच्या काकू, वय ७४, गेल्या वर्षी दोनदा पडलेल्या, आता मंगळवार-शुक्रवार येतात. त्या ओटा धरून आडव्या चालतात आणि मी पुढे उभी राहते. पहिल्या दिवशी त्यांनी माझा दंड माईंसारखाच धरला होता. मागच्या महिन्यात एका वळणावर त्यांनी तो सोडला. त्यांच्या लक्षात आले नाही, म्हणून मीही काही बोलले नाही. फडताळाच्या दाराला आतून एक दिनदर्शिका लावली आहे. त्या पडल्या तर त्या दिवसावर फुली मारायची, असे ठरले आहे. जूनमध्ये एक फुली आहे.